लाइट आली की चार-चार खेळ एकदम सुरू होतात : रास्पबेरी पायवर दर अर्ध्या तासाचं वेळापत्रक कसं लावावं?

कातळसडा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात पहिलाच धागा काढतोय, जरा लांबलचक आहे.

मी राजापूर तालुक्यातला. आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या अशा काही जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. आमचं गाव त्या यादीत नाही, पण तेव्हापासून माणसं वाट वाकडी करून आमच्याकडेही येऊ लागली. म्हणून गावाने एका जुन्या खोलीत छोटं दालन केलंय. फोटो आहेत, नकाशा आहे आणि प्रोजेक्टरवर २२ मिनिटांचा माहितीपट दाखवतो. सड्यावर जायच्या आधी प्रत्येकाने तो बघावा असा आमचा आग्रह असतो, कारण चित्रांच्या रेषांवरून चालू नये, खडूने रेषा गिरवू नयेत, पाणी ओतून फोटो काढू नयेत हे सगळं त्यात दाखवलंय. खेळ चुकला की माणसं थेट सड्यावर जातात आणि नको तेच होतं.

माहितीपट रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावरून चालतो. एमपीव्ही हा प्लेयर आहे आणि क्रॉन त्याला वेळेवर सुरू करतो. सकाळी १० पासून दर अर्ध्या तासाने खेळ, शेवटचा ४:३० ला, सोमवारी बंद. मधल्या वेळात फोटोंची मूक फीत फिरत असते. गावातल्याच इंजिनिअरिंगच्या एका मुलाने हे बसवून दिलं, आता तो नोकरीला लागलाय. क्रॉनटॅबमधली, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीतली, ओळ अशी (रकाने क्रमाने मिनिट, तास, तारीख, महिना, वार; अंक मराठीत लिहिले आहेत, पायवर इंग्रजी आहेत):

०,३० १०-१६ * * २-७ आणि पुढे प्लेयरची आज्ञा

एरवी सगळं बिनचूक चालतं. पण पावसाळ्यात लाइट दीड-दोन तास जाऊन परत आली की मिनिटा-दोन मिनिटांत माहितीपट एकावर एक सुरू होतो. तीन-चार आवाज, काही सेकंदांच्या फरकाने, एकमेकांत मिसळलेले. लाइट रात्रभर जाऊन सकाळी आली तर मात्र असं कधीच होत नाही.

दुसरी भानगड. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी ९ वाजता शाळांसाठी वेगळी छोटी फिल्म लावायची असते. त्याची ओळ "० ९ १-७ * ६" अशी आहे. ती भलत्याच दिवशी लागते.

हे नेमकं का होतं आणि धड कसं करायचं? की पाय सोडून खास या कामाचा तयार प्लेयर घ्यावा?

फलाट_चार | सोमवार, रात्री ९:३२

यूपीएस लावा. प्रश्नच मिटला.

कातळसडा | सोमवार, रात्री ९:४१

जुलैत आमच्याकडे लाइट चार-चार तास नसते. पाय यूपीएसवर तग धरेल, प्रोजेक्टर नाही धरणार. आणि यूपीएसची बॅटरी कधीतरी संपणारच. तेव्हा मूळ दोष तसाच राहील.

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री १०:०५

"दोन तास गेली तर होतं, रात्रभर गेली तर होत नाही" हे निरीक्षण फार मोलाचं आहे. दोन गोष्टी बघून सांगा. लाइट आल्यावर पाय चालू झाला की लगेच पडद्यावरचं घड्याळ काय वेळ दाखवतं? आणि इंटरनेट कुठून येतं, त्याचा राउटरही त्याच लाइटवर आहे का?

कातळसडा | मंगळवार, दुपारी २:२०

आज मुद्दाम बघितलं. बारा वाजून गेल्यावर लाइट आली, तेव्हा पायचं घड्याळ १०:१७ दाखवत होतं. राउटर सुरू व्हायला दोनेक मिनिटं लागली, मग घड्याळ आपोआप बरोबर झालं आणि त्या क्षणी चारही खेळ सुरू झाले. लाइट १०:४० च्या सुमारास गेली होती.

मंद्रसप्तक | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

मग उलगडा झाला. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न घेऊन नंतरही लोक इथे येतील.

पाय ४ आणि त्याआधीच्या पायवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. लाइट गेली की वेळ विसरली. अगदी १९७० पासून (संगणकाची वेळ तिथून मोजली जाते) सुरुवात होऊ नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टम अधूनमधून चालू वेळ एका फाइलीत लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथून सुरू होते. हे काम फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा छोटा प्रोग्राम करतो. तो वेळ तासातून एकदा लिहितो. डेबियनमध्ये (पायची ऑपरेटिंग सिस्टम त्यावरच बेतलेली आहे) दर तासाची कामं त्या तासाच्या १७ व्या मिनिटाला होतात, म्हणून तुम्हाला १०:१७ दिसले. मग इंटरनेट आलं, एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) खरी वेळ आणली आणि घड्याळ १०:१७ वरून थेट १२:१० वर गेलं.

आता क्रॉनकडे या. घड्याळ असं पुढे उडी मारतं तेव्हा क्रॉन बघतो की उडी किती मोठी. तीन तासांपेक्षा लहान असेल तर त्याच्या मते मधल्या वेळेतली कामं राहून गेली, म्हणून ती एकामागून एक उरकून टाकतो. १०:३०, ११, ११:३० आणि १२. झाले तुमचे चार खेळ. उडी तीन तासांपेक्षा मोठी असेल तर तो ती घड्याळाची दुरुस्ती समजतो, मागचं सोडून देतो आणि नव्या वेळेपासून पुढे चालतो. म्हणून रात्रभर लाइट नसली की गोंधळ नाही. डेबियनच्या क्रॉनच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्यातच तात्पुरता उपायही आहे. भरपाईचा हा नियम फक्त ठरावीक वेळेच्या कामांना लागतो, म्हणजे ज्यांच्या मिनिटाच्या किंवा तासाच्या रकान्यात तारा (*) नाही त्यांना. तुमच्या ओळीत मिनिट "०,३०" आहे आणि तास "१०-१६". दोन्हीत तारा नाही. मिनिटाच्या जागी "*/३०" लिहा. वेळा त्याच राहतील, पण क्रॉन ती ओळ वेगळ्या गटात धरेल आणि चुकलेले खेळ भरून काढणार नाही.

आज रात्री एवढंच करा. पक्क्या उपायावर बोलूच.

राइनकाठी | मंगळवार, रात्री ११:५०

मंद्रसप्तक, सुंदर निदान. तीन तासांचा नियम कुठून आला तेही सांगतो, कारण भारतात बसून तो विचित्र वाटेल. मी जर्मनीत असतो. इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे २ चे एकदम ३ वाजतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ३ चे पुन्हा २. पहाटे अडीचला लावलेलं काम मार्चमध्ये कधीच होणार नाही आणि ऑक्टोबरमध्ये दोनदा होईल. ते टाळायला क्रॉनने ही समजूत ठेवली आहे : पुढे उडी मारली तर राहिलेलं काम लगेच कर, मागे आलं तर झालेलं काम परत करू नकोस. सर्व्हरवरच्या बॅकअपसाठी हे अगदी योग्य आहे. माहितीपटासाठी घातक.

अवांतर : भारतातही दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ घड्याळं तासभर पुढे केली होती. आता हा प्रकार नाही, त्यामुळे आपल्याकडे हा नियम भेटतो तो घड्याळ विसरणाऱ्या यंत्रांमुळेच.

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ८:३०

क्रॉन सोडा आणि सिस्टमडीचे (पायवरचे प्रोग्राम सुरू-बंद करणारी व्यवस्था) टायमर वापरा. "पर्सिस्टंट" हा पर्याय चालू केला की यंत्र बंद असताना चुकलेलं काम सुरू झाल्यावर होतं, आणि कितीही वेळा चुकलं असलं तरी एकदाच होतं. चारऐवजी एकच खेळ लागेल.

मंद्रसप्तक | बुधवार, सकाळी ९:१०

एकदाच होतं हे खरं, पण तो एकही इथे नको आहे. समजा लाइट दुपारी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला आली. आदल्या दिवशीचा चुकलेला खेळ सकाळी ७ वाजता रिकाम्या खोलीत सुरू होईल. पर्सिस्टंट हा पर्याय बॅकअप, लॉगची सफाई अशा कामांसाठी आहे, जी उशिरा झाली तरी झालेली बरी. खेळाची वेळ गेली की तो खेळ गेला.

सिस्टमडीबद्दल आणखी एक. त्याच्या टायमरची अचूकता मूळ सेटिंगमध्ये एक मिनिटाची असते. १०:०० चं काम १०:०० ते १०:०१ मध्ये केव्हाही सुरू होऊ शकतं. एकच पडदा असेल तर फरक पडत नाही. दोन पडदे बरोबर सुरू करायचे असतील तर "ॲक्युरसीसेक" एका सेकंदावर आणायला विसरू नका.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:४५

मी बरीच वर्षं एका वाहिनीच्या मास्टर कंट्रोल रूममध्ये काम केलंय. दिवसरात्र एकामागून एक कार्यक्रम ठरल्या वेळी हवेत सोडायचे, हाच धंदा. त्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळी चर्चा "कोणत्या वेळी काय सुरू करायचं" यावरच चालली आहे आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे.

क्रॉन काय किंवा सिस्टमडी काय, दोघेही एका क्षणी इशारा देतात. त्या क्षणी यंत्र बंद असेल, घड्याळ चुकीचं असेल किंवा प्लेयर अडकला असेल तर तो इशारा वाया गेला. मग "चुकलेला इशारा परत द्यायचा की नाही" असे प्रश्न येतात, आणि त्यांना सगळीकडे चालेल असं उत्तर नसतं. शाळेत घंटा ऐकू आली नाही तरी भिंतीवरचं वेळापत्रक आणि घड्याळ बघून आत्ता कुठला तास चालू असायला हवा ते कळतं. तुमच्या प्रणालीत घंटा आहे, वेळापत्रक नाही.

मी असं करेन. दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट चालेल आणि ती एकच प्रश्न विचारेल : आत्ता या क्षणी पडद्यावर काय असायला हवं? उत्तर वेळापत्रकावरून निघेल. मग ती बघेल, खरंच काय चालू आहे? दोन्ही जुळत असेल तर काहीही न करता संपेल. जुळत नसेल तरच बदल करेल. लाइट कधीही येवो, घड्याळ कितीही उडो, एका मिनिटात पडदा योग्य जागी येतो. दोनदा चालली तरी बिघडत नाही, दहा वेळा चालली तरी नाही. आधी काय झालं होतं हे तिला आठवावं लागत नाही, हाच तिचा मोठा गुण.

यासाठी प्लेयर मात्र एकच हवा, सदैव चालू. प्रत्येक खेळाला नवा एमपीव्ही उघडायचा नाही. एमपीव्हीला रिकाम्या अवस्थेत चालू ठेवता येतं आणि आयपीसी सॉकेटवरून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने त्याच्याशी बोलायच्या वाटेवरून, "ही फाइल लाव" असं सांगता येतं. त्याच सॉकेटवरून कुठली फाइल चालू आहे आणि कितव्या सेकंदाला आहे हेही विचारता येतं. नवी फाइल लावली की जुनी जाते. एकच प्लेयर असला की दोन आवाज मिसळणं शक्यच नाही, वेळापत्रकात कितीही घोळ झाला तरी. चार खेळांच्या दुखण्यावर हा स्वतंत्र दुसरा अडसर झाला, आणि मला असे दोन अडसर असलेले आवडतात.

आता काही गोष्टी तुम्हालाच ठरवाव्या लागतील, यंत्र नाही ठरवणार. ११ चा खेळ आहे आणि लाइट ११:०९ ला आली. खेळ नवव्या मिनिटापासून दाखवायचा, पहिल्यापासून लावायचा की ११:३० ची वाट बघायची? वाहिनीवर आम्ही मधूनच जोडून घ्यायचो, कारण पुढचा कार्यक्रम थांबत नाही. तुमच्याकडे माणसं समोर बसलेली असतात, त्यांना अर्धा माहितीपट दाखवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे दोन प्रकार असायचे. "फिक्स्ड" म्हणजे घड्याळाच्या ठोक्याला, चालू असलेलं कापून सुद्धा. "फॉलो" म्हणजे आधीचं संपल्यावर. बातम्या फिक्स्ड. तुमचा माहितीपट कधीच कापू नये असं मला वाटतं, तो फॉलो ठेवा. फोटोंची फीत मात्र खुशाल कापा.

आणि लॉग ठेवा. प्रत्येक खेळ प्रत्यक्षात कधी सुरू झाला, कधी संपला, पूर्ण झाला का. आम्ही त्याला ॲज-रन लॉग म्हणायचो. महिन्याभराने तक्रार आली की तोच कामी येतो.

मंद्रसप्तक | बुधवार, दुपारी १:३०

रात्रपाळी, दंडवत. वाचनखूण साठवली. कातळसडा, माझा "*/३०" हा तात्पुरताच होता. पक्का उपाय हाच.

दर्शनी | बुधवार, रात्री ८:२०

मी हॉटेलं, शोरूम आणि दवाखान्यांत पडदे बसवतो. तयार प्लेयरच्या प्रश्नावर लिहितो.

ब्राइटसाइनसारखे प्लेयर याच कामासाठी बनवलेले आहेत. वेळेची व्यवस्था त्यांच्यात दोन पातळ्यांवर असते, आणि नवे लोक इथेच गोंधळतात. एक असतं कॅलेंडर : कुठलं प्रेझेंटेशन कुठल्या वारी किती ते किती चालेल. "मंगळवार ते रविवार, १० ते ५" हे तिथे लावायचं. दुसरं असतं प्रेझेंटेशनच्या आतलं : फोटोंची फीत चालू असताना दर अर्ध्या तासाने माहितीपटावर जायचं. याला टाइम-क्लॉक इव्हेंट म्हणतात. दररोज ठरावीक वेळी किंवा अमुक ते अमुक वेळात दर इतक्या मिनिटांनी, असं लावता येतं.

यातली खरी मेख अशी की आतला इव्हेंट एका अवस्थेला चिकटवलेला असतो. समजा तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये तीन अवस्था आहेत : फीत, माहितीपट आणि "पुढचा खेळ किती वाजता" ही पाटी. इव्हेंट फक्त फितीला चिकटवला आणि ११:३० वाजले तेव्हा पाटी चालू होती, तर काहीही होणार नाही. इव्हेंट त्या वेळी ऐकतच नसतो. अशा तक्रारीत लोक घड्याळ तपासत बसतात आणि घड्याळ अगदी बरोबर असतं. ज्या ज्या अवस्थेतून खेळ सुरू व्हायला हवा, त्या प्रत्येकीला इव्हेंट लावायचा, किंवा सगळ्यांना कवेत घेणारी वरची अवस्था करून तिला लावायचा.

स्क्रिप्ट लिहायची तयारी असेल तर त्याची भाषा ब्राइटस्क्रिप्ट, रोकूच्या टीव्हीला जोडायच्या पेट्यांवर चालते तीच. त्यात रोटायमर नावाचा घटक आहे. त्याला तास, मिनिट, सेकंद द्यायचे, आणि जिथे "कोणताही" म्हणायचं तिथे -१. तास -१, मिनिट ०, सेकंद ० म्हणजे दर तासाच्या ठोक्याला. दुसरा टायमर मिनिट ३० चा. वार आणि १० ते ५ ची मर्यादा इशारा आल्यावर स्क्रिप्टमध्ये तपासायची.

पण रात्रपाळी यांचा मुद्दा इथेही लागू आहे. तयार प्लेयर घेतलात तरी तो इशाऱ्यावरच चालणार. ११:०९ ला लाइट आली तर काय करायचं हे त्यालाही तुम्हीच शिकवायचं. एकच पडदा आहे आणि चालवणारी माणसं हौसेने शिकतायत, तर पायच ठेवा. त्याला घड्याळ मात्र द्या.

कातळसडा | बुधवार, रात्री ९:००

घड्याळ म्हणजे कुठलं? कुडाळ किंवा रत्नागिरीच्या दुकानात मिळेल असं सांगा.

मंद्रसप्तक | बुधवार, रात्री ९:४०

डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल मागा. डीएस१३०७ स्वस्त असतं, पण तापमान बदललं की ते पुढे-मागे होतं. डीएस३२३१ तापमान मोजून स्वतःला सावरतं. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये त्याची चूक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे वर्षभर इंटरनेट नसलं तरी फरक साधारण एका मिनिटाचा. तुमच्या कामाला उत्तम.

जोडणीला चार तारा. पिन १ वर ३.३ व्होल्ट, ३ आणि ५ वर आयटूसीच्या (पाय आणि चिप यांनी बोलायची पद्धत) दोन तारा, ६ किंवा ९ वर ग्राउंड. पाच व्होल्टवर जोडू नका. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, हे एक कारण. दुसरं असं की निळ्या मोठ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं आणि आपण त्यात साधी सीआर२०३२ ही चपटी बॅटरी घालतो, जी चार्ज करायची नसते. पाच व्होल्टवर ती फुगू शकते.

मग पायच्या कॉन्फिग फाइलीत आरटीसीचा, म्हणजे या घड्याळाचा, ओव्हरले (पायला ते ओळखायला लावणारी सेटिंग) चालू करायचा आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकायचा. हे दुसरं लोक विसरतात. काढला नाही तर तो जुनी वेळ आणून बसवायचा प्रयत्न करतो.

पुढे कधी पाय ५ घेतलात तर त्यात घड्याळ आहे, बॅटरी वेगळी लावावी लागते. तिथे चार्जिंग मुळात बंद असतं, कंपनीची रिचार्जेबल बॅटरी लावली तरच चालू करायचं. मात्र पाय ५ मध्ये एच.२६४ या व्हिडिओ प्रकारासाठी हार्डवेअर डीकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा खास भाग, नाही. १०८० पी चा माहितीपट त्याचा प्रोसेसर सहज ओढतो, पण पाय ४ ला तो डीकोडर आहे, म्हणून तुमच्या कामासाठी बदलायची गरज नाही.

राइनकाठी | बुधवार, रात्री ११:१५

टाइमझोनही तपासून घ्या. नवीन कार्डावर प्रणाली टाकली की घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहू शकतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यातला अर्धा तास फसवतो. दर तासाच्या ठोक्याचं काम भारतात साडेनऊ, साडेदहा असं होताना दिसलं की लगेच ओळखायचं. तुमचे खेळ अर्ध्या तासाचे आहेत, त्यामुळे मिनिटं जुळतील आणि दोष लपेल. पहिला खेळ दुपारी ३:३० ला लागेल, शेवटचा रात्री १० ला. वाराचाही घोळ होतो : आपल्याकडे सोमवार उजाडला तरी पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत रविवारच असतो.

कातळसडा | रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्याकडे कोणीच संगणकातला नाही आणि तुम्ही सगळ्यांनी इतकं समजावून लिहिलंत.

आता काय केलं ते लिहितो. घड्याळ बसवलं. राउटर बंद ठेवून पायची लाइट काढली, तासाभराने लावली, वेळ बरोबर आली. एमपीव्ही आता एकच, कायम चालू. नोकरीला लागलेल्या त्या मुलानेच फोनवर मदत केली आणि दर मिनिटाची स्क्रिप्ट झाली.

रात्रपाळी यांनी विचारलेल्या प्रश्नांवर गावात बसून बोललो, आणि ती चर्चा चांगलीच रंगली. ठरलं ते असं. माहितीपट कधीही कापायचा नाही आणि कधीही मधूनच सुरू करायचा नाही. अर्ध्या तासाच्या ठोक्यापासून पाच मिनिटांच्या आत लाइट आली तर खेळ पहिल्यापासून सुरू होईल. त्यानंतर आली तर फीत आणि "पुढचा खेळ अमुक वाजता" ही पाटी. दालनातल्या ताईंसाठी एक बटण बसवलंय. शाळेची किंवा एसटीने आलेली मंडळी अवेळी आली तर त्या बटण दाबतात. ११:४० ला दाबलं तर खेळ १२:०२ ला संपतो, मग १२ चा खेळ पाच मिनिटांच्या सवलतीत बसतो आणि लगेच लागतो. ११:४५ ला दाबलं तर १२:०७ ला संपतो, मग १२ चा खेळ सुटतो आणि पाटी १२:३० दाखवते. बाहेर उभ्या माणसाला पाटीवरचा आकडा खरा मिळतो, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

दोन प्रश्न उरलेत. पहिल्या शनिवारची ओळ अजून तशीच आहे. आणि सोमवारी बंद असताना सण-समारंभ आले तर?

पाटीपेन्सिल | रविवार, संध्याकाळी ७:०५

पहिला शनिवार : क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी काम होतं. म्हणून तुमची ओळ १ ते ७ तारखांना रोज लागत होती, शिवाय प्रत्येक शनिवारी. क्रॉनमध्ये फक्त शनिवार लिहायचा आणि "तारीख ७ किंवा कमी आहे का" हे स्क्रिप्टमध्ये तपासायचं. तारीख काढायची आज्ञा क्रॉनटॅबच्या ओळीतच लिहिलीत तर टक्क्याच्या खुणेआधी उलटी तिरकी रेघ द्या, कारण क्रॉन टक्क्याला ओळ तोडणं समजतो. सिस्टमडीत वार आणि तारखा एकत्र लिहिल्या तर दोन्ही जुळाव्या लागतात, तिथे ही अडचण नाही.

अर्थात आता तुमची स्क्रिप्ट दर मिनिटाला चालतेच, तर ही अट तिच्यातच घाला. वेगळी ओळ ठेवूच नका. पडद्यावर हुकूम चालवणारं एकच ठिकाण असावं.

रात्रपाळी | रविवार, रात्री ८:५०

पाटीपेन्सिल यांचं शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

सणांसाठी : नियम आणि अपवाद वेगळे ठेवा. "सोमवारी बंद" हा नियम स्क्रिप्टमध्ये. अपवाद एका साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीत एक तारीख आणि पुढे "उघडं" किंवा "बंद" किंवा त्या दिवसाची वेगळी वेळ. स्क्रिप्ट आधी अपवाद बघेल, तिथे आजची तारीख नसेल तर नियमाकडे जाईल. फाइल ताईंनाही बदलता यायला हवी, त्यासाठी कोणाला फोन करायला लागू नये.

तिथीने येणारे सण कुठल्याही टायमरला कळत नाहीत. गावची जत्रा, होळी, तिथीने साजरी होणारी शिवजयंती या तारखा दरवर्षी पंचांग बघून हातानेच भरायच्या. १९ फेब्रुवारीची शिवजयंती ठरलेली आहे, ती नियमात टाकली तरी चालेल. पुढच्या तारखांचा वारही आत्ताच बघून ठेवा. २०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी आहे, आणि १८ मे, म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, तोही सोमवारीच. त्या दिवशी तुमचं दालन बंद राहावं असं कोणालाच वाटणार नाही.

दर्शनी | रविवार, रात्री ९:२५

एक राहिलं. प्रोजेक्टर. तोही वेळापत्रकात घ्या, नाहीतर दालन बंद असतानाही त्याचा दिवा जळत राहतो. नेटवर्कला जोडता येणारे बरेच प्रोजेक्टर पीजेलिंकची भाषा समजतात, चालू-बंद करता येतं आणि "चालू आहे का" असं विचारताही येतं. दर मिनिटाची स्क्रिप्ट हे विचारू शकते. दिव्याच्या प्रोजेक्टरला तापायला वेळ लागतो, म्हणून सकाळी १० च्या आधी पाच मिनिटं चालू करा. दोन खेळांच्या मध्ये मात्र बंद करू नका, वारंवार चालू-बंद केल्याने दिव्याचं आयुष्य कमी होतं.

कातळसडा | सोमवार, सकाळी ११:००

आज दालन बंद, म्हणून सकाळीच बसलो. पहिला शनिवार स्क्रिप्टमध्ये गेला, क्रॉनटॅबमधली जुनी ओळ काढली. आता तिथे दर मिनिटाची एकच ओळ आहे. अपवादांची फाइल केली, त्यात २६ जानेवारी आणि १८ मे "उघडं" असं टाकलं. जत्रेची तारीख गुरवांना विचारून ताईच भरणार आहेत. आमच्या प्रोजेक्टरला नेटवर्कची जोडणी आहे असं मागच्या बाजूला दिसतंय, पीजेलिंक चालतं का ते माहितीपत्रकात बघतो.

आजोळ_गुहागर | सोमवार, दुपारी ४:१५

आमच्या वाचनालयात असाच पडदा लावायचा चाललाय. ती स्क्रिप्ट इथे द्याल का? वेळा आणि फायलींची नावं बदलून वापरेन.

कातळसडा | सोमवार, रात्री ९:३५

नक्की. आमच्या फायलींचे पत्ते काढून, प्रत्येक ओळीपुढे मराठीत टीप घालून उद्या याच धाग्यावर टाकतो. तुमचा खेळ किती मिनिटांचा आणि किती अंतराने लावणार ते आत्ताच सांगा. पाच मिनिटांची सवलत आमच्या २२ मिनिटांना बेतलेली आहे : उशिरा लागलेला खेळही २७ व्या मिनिटाला संपतो आणि पुढच्या ठोक्याआधी माणसांना बाहेर पडायला तीन मिनिटं मिळतात. तुमचं गणित वेगळं असेल.